जुन्या मोटारीतील ऊब आणि पाण्याचा विवेक

मार्गशीर्ष लागला की अहिल्यानगर जिल्ह्याच्या पठारावर कोरडा वारा सुटतो, निरभ्र आकाशाखाली दिवसभर तापलेली जमीन रात्रीतून आपली उष्णता गमावून बसते, आणि डिसेंबर-जानेवारीतील कित्येक पहाटे पारा 10 अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो. अशा पहाटे शिर्डीच्या काकड आरतीसाठी निघालेले भाविक, प्रवराकाठच्या साखर कारखान्यांत गळिताच्या हंगामातील रात्रपाळी संपवून परतणारे कामगार आणि भंडारदऱ्याच्या वाटेला लागलेली कुटुंबे आपापल्या जुन्या मोटारींत बसून हीटरची कळ फिरवतात, तेव्हा त्यांपैकी पुष्कळांच्या पायांवर जी हवा येते ती बाहेरच्या हवेहून फारशी निराळी नसते. मग शाल अंगाभोवती आवळून प्रवास सुरू होतो, आणि हीटर चालत नाही ही गोष्ट हळूहळू सगळ्यांच्या अंगवळणी पडते.

अंगवळणी पडलेल्या या बिघाडाची दखल घेतली पाहिजे, असे आग्रहाने सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे. हीटर थंड पडणे ही मोटारीच्या अंतर्भागात पाण्याची जी आबाळ चाललेली असते तिची बहुधा पहिली सूचना असते. आणि त्याच मोटारीची कापडी आसने जेव्हा कुबट वास मारू लागतात, तेव्हा तेथेही मळापेक्षा पाण्याचा अविचारी वापरच अधिक अंशी कारणीभूत असतो. एकीकडे योग्य पाण्याचे अखंड अभिसरण हवे, दुसरीकडे पाण्याचा काटेकोर संकोच हवा. हे दोन नियम ज्याला उमगले त्याला जुन्या मोटारीची ऊब आणि स्वच्छता या दोन्ही गोष्टी फारशा खर्चावाचून परत मिळवता येतात.

वाहनांच्या शास्त्राशी या जिल्ह्याचे नाते जुने आहे. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहन संशोधन संस्था नगर शहराजवळ आहे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतील 126 व्या नियमान्वये नव्या वाहनाचा नमुना तपासून त्यास दाखला देण्याचा अधिकार देशातील ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांत तिचा समावेश होतो. 1972 साली बाजारात आलेली आणि घरोघरी पोहोचलेली ‘लुना’ नगरच्याच कारखान्यात तयार होत असे. 1994 साली येथे उभ्या राहिलेल्या रणगाडा संग्रहालयात दोन्ही महायुद्धांच्या काळातील चिलखती वाहने आजही नीट राखलेली पाहावयास मिळतात. वाहनांची परीक्षा, निर्मिती आणि जतन या तिन्ही गोष्टी ज्या भूमीत झाल्या, तेथील सामान्य माणसाची पंधरा-वीस वर्षांची मोटार मात्र ‘आता काय राहिले तिच्यात’ या एका वाक्यात निकालात निघावी, हे उचित नाही. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर तपासणीअंती पाच-पाच वर्षांनी वाढवून देण्याची तरतूद कायद्यातच आहे; नगरच्या एमएच 16 आणि श्रीरामपूरच्या एमएच 17 या क्रमांकांच्या अशा कितीतरी मोटारी आजही इमानेइतबारे रस्त्यावर धावत आहेत.

हीटरची गरज केवळ थंडीपुरती नाही

आपल्या हवामानात हीटर ही चैनीची वस्तू आहे, असा समज पूर्वापार चालत आला आहे. अँबॅसिडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची आणि प्रीमियर पद्मिनी ही इटलीच्या फियाट 1100 ची भारतीय आवृत्ती. ज्या थंड देशांत या गाड्या मुळात घडल्या तेथे हीटर ही प्राणाची गरज होती, आणि येथे आल्यावर तिच्याकडे अडगळ म्हणून पाहिले गेले. तथापि हीटरची तीन कामे आहेत, आणि शरीराला ऊब देणे हे त्यांतील सर्वांत गौण काम होय.

दुसरे काम काच निर्मळ राखण्याचे. आषाढ-श्रावणात नगरहून कल्याणकडे जाताना माळशेज घाटात धुके उतरते, बाहेर पाऊस कोसळत असतो, आत चार माणसांच्या श्वासाने आणि ओल्या कपड्यांनी हवा बाष्पाने भरलेली असते, आणि समोरच्या थंड काचेला स्पर्श होताच त्या बाष्पाचे सूक्ष्म थेंब होऊन काच आंधळी होते. एक घनमीटर हवा 10 अंश तपमानाला सुमारे 9 ग्रॅम बाष्प धरू शकते, तर 30 अंशांना सुमारे 30 ग्रॅम. म्हणजे काचेवर सोडलेली ऊबदार हवा बाष्प अधिक प्रमाणात शोषून घेते आणि काचही तापवते, म्हणून हीटर चालू असलेल्या मोटारीची काच काही क्षणांत स्वच्छ होते. फडक्याने काच पुसत घाट उतरणे हा जिवाशी खेळ आहे, आणि ज्या मोटारीचा हीटर चालतो तिच्या चालकावर ती वेळच येत नाही.

तिसरे काम संकटकाळचे आहे, आणि ते ऐन उन्हाळ्यात उपयोगी पडते. वैशाखात पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना भरल्या मोटारीने चंदनापुरीचा घाट चढताना इंजिनाच्या उष्णतादर्शकाचा काटा वर सरकू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण क्षमतेने चालू करावा. मोटारीत क्षणभर असह्य उकाडा होईल खरा, परंतु इंजिनाला उष्णता टाकून देण्यासाठी आणखी एक मार्ग मोकळा होतो, आणि सुरक्षित जागी थांबेपर्यंत बहुधा निभावून जाते.

उष्णता येते कोठून

जळालेल्या इंधनातील उष्णतेपैकी स्थूलमानाने एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश भागच मोटारीला गती देण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता काही धुराबरोबर सायलेन्सरवाटे निघून जाते आणि काही इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. हे पाणी वॉटर पंपाच्या जोराने इंजिनाच्या पोकळ भिंतींतून फिरते, तापते, पुढच्या रेडिएटरमध्ये जाऊन निवते आणि पुन्हा इंजिनाकडे परतते. हीटरची योजना यातूनच निघाली: या तापलेल्या पाण्याची एक शाखा दोन रबरी होज पाइपांनी डॅशबोर्डच्या मागे आणायची, तेथे बसवलेल्या वितभर आकाराच्या छोट्या रेडिएटरमधून ती फिरवायची, आणि पंख्याने, ज्यास ब्लोअर म्हणतात, त्यावरून हवा फुंकायची. वाया जाणारी उष्णताच कामाला लावली जाते, म्हणून हीटरच्या उबेस वेगळे इंधन असे जवळजवळ लागत नाही. अमेरिकेतील नॅश कंपनीने 1938 साली बाहेरची ताजी हवा आत घेऊन ती गरम पाण्याच्या उष्णतेने तापवण्याची व्यवस्था आपल्या मोटारीत आणली, आणि पुढे हीच रीत सर्वत्र रूढ झाली. फोक्सवॅगन बीटलसारख्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाड्यांत मात्र धुराच्या नळीभोवतीची हवा आत घेतली जाई. ती नळी सडली की विषारी वायू बैठकीत शिरण्याचे भय असे.

या अभिसरणाचा दरवान म्हणजे थर्मोस्टॅट. पितळी चौकटीत बसवलेली ही लहानशी झडप असते, तिच्या पोटात विशिष्ट प्रकारच्या मेणाची गोळी असते, आणि पाणी ठरावीक तपमानाला, बहुतेक गाड्यांत 80 ते 90 अंशांच्या दरम्यान, पोहोचले की ते मेण वितळून प्रसरण पावते व झडप उघडते. तोवर पाणी मोठ्या रेडिएटरकडे जाऊ न देता इंजिनातच फिरत ठेवायचे आणि इंजिन लवकर तापवायचे, हे या झडपेचे काम. जुना थर्मोस्टॅट कधी बंद अवस्थेत अडकतो आणि गाडी तापून पाणी उकळते. म्हणून आपल्याकडील कित्येक गॅरेजांत ‘आपल्या हवेत याची गरज नाही’ असे सांगून तो कायमचा काढून टाकण्याचा परिपाठ पडला आहे. हा परिपाठ अपायकारक आहे. थर्मोस्टॅट नसलेल्या मोटारीत थंडीच्या दिवसांत पाणी हवे तेवढे तापतच नाही, हीटर कोमट राहतो, इंजिन थंड चालल्यामुळे इंधन अधिक जळते, तेलात ओलावा साचून त्याचा गाळ होतो आणि अंतर्भागाची झीज वाढते. काही इंजिनांत तर उलटाच प्रकार होतो: थर्मोस्टॅट उघडताना जी उपवाट बंद व्हावयाची ती मोकळीच राहते, पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून फिरत राहतो, आणि ज्या भयाने झडप काढली तेच भय, म्हणजे गाडी तापणे, खरे ठरते.

जिल्ह्याचे पाणी आणि रेडिएटरचे पाणी

दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपत खोल गेलेले पाणी आपल्याबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार घेऊन येते, आणि ते तापवले की त्या विरघळलेल्या क्षारांचा काही भाग घट्ट, पांढऱ्या थराच्या रूपाने भांड्याला धरून बसतो. बोअरच्या पाण्याचा हंडा किंवा गिझर ज्यांनी उघडून पाहिला आहे त्यांना याचा पुरावा वेगळा द्यावयास नको. कालव्याच्या अतिसिंचनाने प्रवरा खोऱ्यातील काही भागांत तर क्षारांचा प्रश्न आणखी तीव्र झाला आहे. हेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले गेले म्हणजे प्रत्येक वेळी आटलेल्या पाण्याबरोबर क्षार मागे राहतात, आणि ज्यांच्या पोकळीची रुंदी अवघी दोन-चार मिलिमीटर असते अशा हीटरच्या नळ्या सर्वांत आधी बुजतात. या थराची उष्णतावाहकता तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी असल्यामुळे नळी पूर्ण बुजण्यापूर्वीच हीटर निस्तेज होऊ लागतो.

त्यात भर पडते ती रस्त्यावरच्या तात्पुरत्या इलाजांची. रेडिएटर गळू लागला की त्यात हळदीची पूड टाकण्याची युक्ती आपल्याकडील वाहनचालकांत सर्वश्रुत आहे. हळद फुगून बारीक छिद्र बुजवते, गाडी मुक्कामाला पोहोचते, आणि नंतर तीच हळद हीटरच्या नळ्यांत जाऊन बसते. दुसरा इलाज ‘बायपास’चा: हीटर गळू लागला म्हणजे तो दुरुस्त करण्याऐवजी त्याचे दोन्ही होज पाइप काढून इंजिनाच्या बाजूनेच एकमेकांना जोडून टाकायचे. अशी गाडी पुढे विकली गेली की नव्या मालकाला हीटर का चालत नाही याचा पत्ता लागत नाही. म्हणून जुनी मोटार घेतल्यावर बॉनेट उघडून, इंजिनाकडून आतल्या पत्र्याकडे जाणारे दोन पाइप जागेवर आहेत की नाहीत, याची खातरजमा सर्वप्रथम करावी.

हिवरे बाजारच्या ग्रामसभेत दरवर्षी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, किती पाणी आले आणि किती कशाला वापरायचे याचा हिशेब सर्वांसमक्ष होतो, आणि त्या हिशेबावर एका अवर्षणग्रस्त गावाने आपले भाग्य पालटले. मोटारीच्या मालकानेही आपल्या रेडिएटरमध्ये कोणते पाणी गेले, केव्हा गेले आणि केव्हा बदलावयाचे आहे, एवढा ताळेबंद वहीत ठेवला तर हीटरच्या दुरुस्तीचे प्रसंग क्वचितच उद्भवतील.

निदानाची रीत

हीटरचे निदान हाताच्या स्पर्शाने करता येते. मोटार पंधरा-वीस मिनिटे चालवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, मग इंजिन बंद करावे, आणि पंखा व पट्टा थांबल्याची खात्री झाल्यावर हीटरच्या दोन्ही होज पाइपांना फडके धरून सावधपणे स्पर्श करावा. दोन्ही पाइप चांगले गरम असतील तर पाणी नीट फिरते आहे. दोष हवेच्या बाजूस, म्हणजे ब्लोअरमध्ये, हवेची दिशा बदलणाऱ्या झडपेत किंवा ती ओढणाऱ्या तारेत शोधावा. एक पाइप गरम आणि दुसरा थंड असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर तुंबला आहे किंवा पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला आहे. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट उघडा राहिला आहे किंवा कोणीतरी काढून टाकला आहे, अथवा पाणी कमी आहे, किंवा नळीत हवा अडकली आहे. आणि पायाखालचा गालिचा ओलसर लागत असेल, बैठकीत गोडसर वास येत असेल, काचेवर चिकट धुरकटपणा धरत असेल, तर हीटरचा रेडिएटर आतच गळतो आहे असे समजावे.

हवेच्या बाजूचे दोष बहुधा किरकोळ असतात. ब्लोअर मुळीच फिरत नसेल तर आधी फ्यूज पाहावा. केवळ सर्वांत जोराच्या टप्प्यावरच फिरत असेल तर त्याचा रेझिस्टर जळालेला असतो. शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या ब्लोअरमध्ये उंदरांनी केलेली घरटी आणि वाळलेला पाला हमखास सापडतो. मोटारीत आतलीच हवा फिरवण्याची जी कळ असते ती कायम लावून ठेवू नये. काचेवर बाष्प धरले असताना ती बंद करून बाहेरची हवा आत घेतल्याखेरीज काच लवकर मोकळी होत नाही.

दुरुस्तीचा क्रम

पाण्याच्या बाजूचे काम नेहमी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावे. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातील पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरच्या झाकणाने आत दाब राखलेला असल्यामुळे तेच पाणी त्याहून कितीतरी अधिक तापूनही न उकळता राहते, आणि गरम असताना झाकण उघडताच दाब सुटून ते उफाळून तोंडावर येते. या एका चुकीने भाजलेली माणसे थोडी नाहीत.

जुने पाणी काढून घेतल्यावर थर्मोस्टॅट बाहेर काढावा, तो पातेल्यातील पाण्यात टांगून पाणी हळूहळू तापवावे, आणि त्यावर कोरलेल्या तपमानाच्या सुमारास तो उघडतो की नाही हे तापमापकाने पाहावे. उघडत नसेल, किंवा थंड असतानाच उघडा असेल, तर नवा बसवावा. खर्चाच्या मानाने या वस्तूचे मोल फार मोठे आहे. मग हीटरचे दोन्ही पाइप सोडवून, ज्या बाजूने पाणी बाहेर पडते त्या बाजूने, बागेच्या नळीचे पाणी अगदी मंद जोराने उलटे सोडावे. सुरुवातीला गंजाचे तांबूस, कधी हळदीच्या गाळाचे पाणी येते; ते स्वच्छ होईपर्यंत दोन्ही दिशांनी आलटून पालटून धुवावे. नळाचा पूर्ण जोर देऊ नये, कारण जुन्या नळ्यांचे सांधे त्याने फुटतात.

क्षारांचा थर केवळ पाण्याने निघत नसेल तर स्वयंपाकघरातले लिंबूफूल उपयोगी पडते. त्याच्या सौम्य द्रावणाने क्षार फेसाळून विरघळतात; मात्र द्रावण फार वेळ आत ठेवू नये, नंतर भरपूर पाण्याने धुऊन किंचित खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्लाचा अंश मारावा, आणि अॅल्युमिनियमचा हीटर असेल तर हा प्रयोग जाणत्या मिस्त्रीला विचारल्यावाचून करू नये. जुन्या गाड्यांचे तांब्या-पितळेचे हीटर रेडिएटर दुरुस्त करणारे कारागीर उघडून, सळईने साफ करून, डाग देऊन पुन्हा बंद करू शकतात. हे कसब जाणणाऱ्या माणसाकडे काम द्यावे आणि त्याच्या मेहनतीचे दाम घासाघीस न करता द्यावे.

पुन्हा भरावयाचे पाणी बोअरचे नसावे. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी, जे स्पेअर पार्टच्या दुकानात ‘बॅटरीचे पाणी’ म्हणून मिळते, ते आणि कूलंट यांचे मिश्रण गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात भरावे. आपल्याकडे पाणी गोठण्याचे भय नाही, मग कूलंट कशाला, असे विचारले जाते. परंतु त्यातील द्रव्ये गंज रोखतात, पंपाचे सील सुस्थितीत ठेवतात आणि उत्कलनबिंदू वाढवतात, आणि नगरच्या उन्हाळ्यात याच गुणांची गरज असते. भरताना गाडीचे नाक चढावर ठेवावे, हीटर पूर्ण गरमवर असावा, झाकण उघडे ठेवूनच थंड इंजिन चालू करावे, आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू पाणी घालत राहून मगच झाकण लावावे. आत अडकलेली हवा बाहेर पडली नाही तर सारी मेहनत व्यर्थ जाते. हे काम उघड्यावर करावे, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये.

काढलेले जुने कूलंट गटारात किंवा बांधावर ओतू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. गोठ्याजवळ सांडलेले असे पाणी कुत्र्याने किंवा वासराने प्यायले तर मूत्रपिंडे निकामी होऊन ते जनावर दगावू शकते. ते झाकणाच्या डब्यात भरून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवून, गॅरेजकडे सोपवण्याची तजवीज करावी.

कापडी आसनांची निगा

हीटरचे काम आधी आणि आसनांचे नंतर, हा क्रम मुद्दाम पाळावा. कारण हीटर सोडवताना गालिचावर पाणी सांडते, आणि दुरुस्त झालेला हीटर पुढे आसने वाळवण्याच्या कामी येतो. ओली आसने आणि धुरकट काच यांचाही निकट संबंध आहे: आसनांच्या फोममध्ये साचलेले पाणी दिवसा उन्हाने बाष्प होऊन वर येते आणि रात्री काचेवर उतरते.

एके काळी मोटारींची आसने रेक्झिनची असत, आणि ती उन्हात तापतात व घामाने चिकटतात म्हणून सरकारी अँबॅसिडर गाड्यांत त्यांवर पांढरे टॉवेल घातले जात. टॉवेल धुता येतो आणि आसन जसेच्या तसे राहते, हा त्यातला शहाणपणा. पुढे नायलॉन व पॉलिएस्टरच्या विणीची कापडी आसने आली, ती थंडीत बोचत नाहीत आणि उन्हाळ्यात भाजत नाहीत, पण धूळ, घाम आणि केसांचे तेल मात्र मनसोक्त पितात. नगर जिल्हा पर्जन्यछायेचा. वर्षातील बहुतेक महिने येथील रस्त्यांवर मुरमाची आणि काळ्या मातीची बारीक धूळ उडत असते. या धुळीचे कण तीक्ष्ण असतात, बसणाऱ्याच्या भाराने ते धाग्यांत घासले जातात, आणि कापड विरू लागते. म्हणून आसनांची खरी स्वच्छता कोरडीच असते: व्हॅक्यूम क्लीनरने, तो नसेल तर मऊ ब्रशने आणि हलक्या हाताने झटकून, शिवणीच्या खाचांतली धूळ आधी पूर्ण काढावी. धूळ न काढता पाणी लावले तर तिचा चिखल होऊन धाग्यांच्या मुळाशी जातो.

त्यानंतरची ओली स्वच्छता शक्य तितक्या कमी पाण्याने करावी. कोमट पाण्यात सौम्य द्रव साबण घालून भरपूर फेस करावा आणि ब्रशने केवळ फेसच आसनावर घ्यावा. आसनाखाली नजरेस न पडणाऱ्या जागी रंग जातो का हे आधी पाहावे. हातभर भाग घासून लगेच स्वच्छ, पिळलेल्या फडक्याने तो दोन-तीनदा टिपून घ्यावा, कारण मागे राहिलेला साबण पुढच्या धुळीला धरून ठेवतो आणि आठवडाभरात आसन पूर्वीपेक्षा मळकट दिसू लागते. कपडे धुण्याची पूड वापरू नये. गाड्या धुण्याच्या केंद्रावर पाण्याचा फवारा थेट आसनांवर मारून घेणे हा तर आसनांवर केलेला अत्याचारच होय. फोम आतून दिवसेंदिवस ओला राहतो, बुरशी धरते, आतल्या स्प्रिंगा आणि आसनाखालच्या पट्ट्या गंजतात.

डागांचा इलाज डागाच्या जातीवर ठरतो. खोबरेल तेलाचा किंवा फरसाणाचा डाग असेल तर त्यावर टाल्कम पावडर घालून रात्रभर राहू द्यावी, तेल शोषले गेल्यावर झटकून मग भांड्यांच्या साबणाचा फेस लावावा. दूध आणि रक्त यांना गरम पाणी लावू नये, त्याने त्यांतील प्रथिने धाग्यांत घट्ट बसतात; थंड पाण्याने टिपावे. उसाच्या रसाचा चिकटपणा साध्या कोमट पाण्याने सुटतो. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो, त्याने घाबरू नये; हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही, म्हणून साबण टिपून काढून आसन उन्हाला दाखवले की तो दोन-चार दिवसांत फिकट होत जातो. कुबट वासावर खाण्याचा सोडा पसरून काही तासांनी व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. कूलंट सांडलेला गालिचा मात्र उचलून बाहेर काढून स्वच्छ पाण्याने धुवावा आणि कडकडीत वाळवावा, कारण ग्लायकॉल पाण्यासारखे सहज उडून जात नाही.

वाळवणे हा या सर्व कामातला निर्णायक टप्पा होय, आणि येथे आपल्या जिल्ह्याचे हवामान आपल्या बाजूचे आहे. कार्तिक ते माघ या काळात हवा कोरडी असते. चारही दारे उघडी ठेवून गाडी सावलीशेजारी वाऱ्यात उभी केली, मधूनमधून हीटरची ऊबदार हवा आसनांवर सोडली, तर एक-दोन दिवसांत फोम आतपर्यंत सुकतो. दिवसेंदिवस कडक उन्हात ठेवू नये, त्याने कापडाचा रंग उडतो आणि फोम ठिसूळ होतो. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

जुनी मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक वाचकास एवढीच विनंती आहे, की यंदा दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा त्यात मोटारीचाही एक दिवस धरावा. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून आतल्या पाण्याचा रंग पाहावा. तो तांबूस दिसला तर बोअरच्या पाण्याला कायमची रजा द्यावी, थर्मोस्टॅट जागेवर आहे की नाही हे मिस्त्रीला विचारावे, तो नसेल तर हट्टाने बसवून घ्यावा, आणि आसनांवर पाण्याची नळी धरू पाहणाऱ्याचा हात आवर्जून थांबवावा.